सुप्याची कर्जखते आणि यंत्राचे उत्तर : माध्यमिक शिक्षणातील एका नव्या साधनाचा ऐतिहासिक विचार

माध्यमिक शाळांतून शिक्षकाच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन घ्यावे किंवा कसे, हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे यंत्र सर्वांस खुले झाल्यापासून विशेष जोराने विचारला जाऊ लागला आहे. या विषयावर जे लिहिले जाते त्यापैकी बहुतेक लिखाण भविष्याकडे तोंड करून उभे असते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडावे की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु या प्रश्नाचा गाभा नवा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या मजकुरावर आपले हिताहित अवलंबून आहे तो दुसऱ्याने सिद्ध करावयाचा, आपण तो मान्य करावयाचा, आणि तो बरोबर आहे की चूक हे तपासण्याचे साधन मात्र आपल्यापाशी नसावयाचे, ही अवस्था महाराष्ट्रातील खेड्यांनी पूर्वी अनुभवलेली आहे. त्या अवस्थेचा सर्वांत प्रसिद्ध स्फोट ज्या गावी झाला ते गाव सुपे होय. म्हणून सुप्याच्या निमित्ताने हा विचार मांडण्याचे योजिले आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१९-२० पासून नववीच्या वर्गास 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा ऐच्छिक विषय दिला, परंतु तो या लेखाचा विषय नाही. इतर विषय शिकताना या यंत्राचे साहाय्य घेण्याचा प्रश्न तेवढा येथे अभिप्रेत आहे.

सुपे हे आज बारामती तालुक्यात मोडते. 'पुणे व सुपे' असा जोड उल्लेख शहाजीराजांच्या जहागिरीच्या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो. पारनेर तालुक्यातील, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील सुपे हे निराळे गाव. इंग्रजी कागदपत्रांत दोहोंचे लेखन एकसारखेच होत असल्यामुळे नवख्या अभ्यासकाची येथे फसगत होते, आणि या गोष्टीकडे आपणास पुढे पुन्हा वळावयाचे आहे. बारामती तालुक्याचे पाण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती व इंदापूर तालुक्यांतील नीरेकाठचा पट्टा भिजविला. तेथे ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले आणि त्यांच्यामागून शिक्षणसंस्था आल्या. मोरगाव-सुप्याकडील भाग मात्र जिरायती राहिला. एकाच तालुक्यातील दोन विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणाऱ्या शिकवणीत जे अंतर पडते त्याचे मूळ पुष्कळदा या पाण्याच्या रेषेत सापडते.

आता १८७५ च्या घटनेकडे वळू. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे, त्या काळच्या भीमथडी तालुक्यात, आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले व त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. सुपे ही बाजारपेठ होती. दुकानदार व सावकार यांची वस्ती तेथे मोठी होती. जमावाची मागणी कोणती होती हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी वह्या व कर्जखते मागितली. ती मिळाली तेथे जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांस आगी लावल्या गेल्या, हे खरे; परंतु या दंग्यांत मनुष्यहत्येचा हेतू नव्हता आणि कागद हाती आल्यावर बहुधा जमाव पांगत असे, असे तत्कालीन चौकशीवरून दिसते. दंगा पुणे जिल्ह्यातून अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात पसरला, तीसांहून अधिक गावे त्यात सापडली, ९५१ लोकांस अटक झाली. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला.

या दंग्याच्या कारणांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेतील यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला, पतपुरवठा सैल झाला आणि युद्ध संपताच तो आखडला. त्यातच १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून फेरआकारणीत सारा वाढला. ही कारणे सर्वमान्य म्हणण्यास हरकत नाही. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असा पक्ष मांडला, व तोही विचारात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या वादात शिरण्याचे कारण नाही. दंग्याचा आर्थिक परिणाम लहान असो की मोठा असो, जमावाने निवडलेले लक्ष्य निःसंशय होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्या आपत्तीचे दृश्य रूप सावकाराच्या पेटीतील कागद हे होते.

त्या कागदाचे स्वरूप असे होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली. कुळाचे हित साधण्यासाठी केलेल्या या कायद्याचा उपयोग उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या फुगलेल्या रकमेवर नवे व्याज चालू करी. लेखन मोडीत असे. कुळाला मोडी येत नसे. ते खाली अंगठा उठवी किंवा नांगराची निशाणी करी. दिलेल्या पैशांची पावती मिळे न मिळे. आपण किती घेतले, किती फेडले व किती उरले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या एकाच वहीत होती, आणि ती वही त्याच्या ऋणकोला वाचता येत नव्हती. येथे सावकाराच्या बाजूनेही एक शब्द लिहिणे न्यायाचे होईल. दुष्काळात बी-बियाणे व सारा भरण्यास पैसा देणारा दुसरा कोणी खेड्यात नव्हता, आणि प्रत्येक वही खोटी होती असे कोणीही सिद्ध केलेले नाही. वही खरी की खोटी हे कुळाला कळण्याचा मार्ग नव्हता, हाच त्या व्यवहारातील खरा दोष होय. खरी वहीसुद्धा त्याला खोट्या वहीसारखीच दिसत होती.

सरकारने यावर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा केला. या कायद्याची चर्चा सामान्यतः न्यायालयांना मिळालेल्या अधिकारांपुरती होते. त्यातील दुसरा भाग शिक्षणाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले जावे. परतफेडीची पावती मिळावी. हिशेबाचा वार्षिक उतारा व मागितल्यास हिशेबाचे पुस्तक ऋणकोस देण्यात यावे, अशी तरतूद तीत होती. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारी कायद्याने एक वाचणारा माणूस उभा केला. कल्पना योग्य होती व तिचा काही उपयोग झालाही असेल. परंतु उतारा हाती मिळाला म्हणून तो वाचता येतो असे नाही. वाचून दाखविणारा मनुष्य बदलला, वाचता न येणे तसेच राहिले.

ही उणीव ज्याने अचूक ओळखली तो मनुष्य पुणे जिल्ह्यातीलच होता. हंटर शिक्षण आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम सुचविताना मोडी व बालबोध यांचे वाचन-लेखन आणि हिशेब यांना त्यांनी अग्रस्थान दिले. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे ही त्यामागून. सुप्याच्या दंग्यास तेव्हा सातच वर्षे झाली होती. मोडी व हिशेब या दोन विषयांची निवड त्या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचा अर्थ निराळा दिसू लागतो. त्याच निवेदनात शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील असावेत, त्यांना अधिक चांगले शिक्षण व अधिक वेतन मिळावे, असा आग्रह आहे. फुल्यांच्या मनात हिशेब येणे आणि हिशेब शिकविणारा जवळचा मनुष्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

माध्यमिक शिक्षण या भागात पुढे कसे पसरले तो इतिहास मोठा आहे व येथे त्याची गरज नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा गावोगाव निघाल्या, परंतु परीक्षा केंद्रस्थानी गेली आणि परीक्षेबरोबर आयते उत्तर आले. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, शिकवणीत उतरवून दिलेल्या वह्या ही आपल्या माध्यमिक शिक्षणाची खरी पाठ्यसामग्री आहे, हे कोणत्याही दहावीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात डोकावल्यास कळेल. निबंध पाठ करून लिहिणारा विद्यार्थी यंत्र येण्यापूर्वी दोन पिढ्या आधीच तयार झालेला होता. म्हणून यंत्राने मुलांना आयत्या उत्तराची सवय लावली ही तक्रार अर्धवट होय. यंत्राला ती सवय तयार मिळाली.

शिक्षकाच्या शेजारी साधन ठेवण्याचे प्रयोगही आपल्याकडे पूर्वी झाले आहेत. त्यांपैकी एक पुण्याशी निगडित असून त्याची आठवण शिक्षणशास्त्राच्या वर्गांतून फारशी काढली जात नाही. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावात काही शेतकऱ्यांचे मंडळ असे. ते एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत, आणि मंडळाचे शंका-प्रश्न पुण्यास पाठविले जात. केंद्राकडून पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. मूळ कल्पना कॅनडाची. तेथील श्रोतृमंडळे १९४१ पासून चालू होती.

या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या परीक्षणात आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी हे काम केले. जगदीशचंद्र माथुर व न्यूरॅथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मंडळ असलेल्या गावांबरोबर दोन प्रकारची गावे तुलनेस घेतली : रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि रेडिओच नव्हता अशी. प्रयोगाच्या आधी व नंतर लोकांच्या माहितीची तपासणी केली. मंडळाच्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढलेले आढळले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने वाढ अगदी थोडी दिसली. कार्यक्रम तोच, आवाज तोच, भाषा तीच. फरक पडला तो ऐकल्यानंतर चार माणसांनी त्यावर वाद घालण्याने आणि आपली शंका परत पाठविता येण्याने. हे प्रौढ शेतकरी होते, चौदा-पंधरा वर्षांचे विद्यार्थी नव्हते, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही या विषयावर महाराष्ट्राच्या भूमीवर, मराठी भाषेत, तुलनेसाठी वेगळी गावे राखून झालेला इतका जुना प्रयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

पुढील साधनांविषयी थोडक्यात उरकतो. पुण्यास १९८४ मध्ये बालचित्रवाणी निघाली. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या योजनेतून काही शाळांत संगणक आले. पाठ्यपुस्तकांवर पुढे सांकेतिक चौकोन छापले गेले, दीक्षा हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, २०२० च्या साथीत शाळा बंद झाल्यावर धडे दूरचित्रवाणीवर व फोनवर गेले. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती : ती बोलत, ऐकत नसत. विद्यार्थी कोठे चुकला हे त्यांना कळत नव्हते. चूक पाहण्याचे काम शिक्षकाकडेच राही, आणि शिक्षक जागेवर नसेल तर ते कोणाकडेच नसे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र या ठिकाणी वेगळे पडते. ते उत्तर देते, पुन्हा विचारल्यास निराळ्या शब्दांत सांगते, विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून त्यातील चूक दाखविते. ते हे कसे करते याविषयी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. अफाट मजकुरावरून शब्दांमागून शब्द येण्याच्या संभवाचे गणित ते शिकलेले असते, व त्या गणिताने ते वाक्य पुढे नेते. त्यामुळे त्याचे वाक्य सफाईदार असते. परंतु सफाई आणि सत्यता यांचा त्यात अतूट संबंध नाही. ज्या विषयावर मजकूर विपुल आहे तेथे ते बहुधा बरोबर असते. जेथे मजकूर विरळ आहे तेथेही ते त्याच आत्मविश्वासाने बोलते. मराठीत असा मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा आहे, आणि सुप्यासारख्या गावाविषयी त्याहून थोडा. देवनागरी लेखनाचे यंत्राच्या हिशेबात इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडतात, म्हणून तेच काम मराठीत महाग पडते, ही आणखी एक अडचण. बारामतीच्या विद्यार्थ्याला पाऱ्याचे क्वथनांक विचारले तर उत्तर विश्वसनीय मिळेल. बारामतीविषयी विचारले तर तसे सांगता येत नाही. मोडी खताशी साम्य दिसते ते येथे. दोन्हींचे अक्षर सुवाच्य असू शकते, आणि दोन्ही तपासण्याची विद्या वाचणाऱ्यापाशी स्वतंत्रपणे असावी लागते.

अनुभव काय सांगतो ते पाहू. तुर्कस्थानातील एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांत एक प्रयोग झाला. काहींना सरावाच्या वेळी साधे संभाषण-यंत्र दिले. काहींना असे यंत्र दिले की ज्यात शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणाचे बरोबर उत्तर, मुलांच्या नेहमीच्या चुका व द्यावयाच्या सूचना आधी भरल्या होत्या, आणि उत्तर सांगू नये अशी ताकीद होती. उरलेल्यांना केवळ पुस्तक व वही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी व दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी वाढले. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा साधे यंत्र वापरलेले विद्यार्थी, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्याहून १७ टक्के मागे पडले. शिक्षकांनी घडविलेल्या यंत्राच्या गटाचे हे नुकसान बहुतांशी टळले, मात्र परीक्षेत त्यांना म्हणण्यासारखा फायदाही झाला नाही. या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग अनेकदा सांगावयाचा राहून जातो, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

याच्या जोडीला दिल्लीतील अभ्यास ठेवावा. तो आजच्या संभाषण-यंत्रांपूर्वीचा, २०१५ मधील आहे. मुरलीधरन, सिंग व गानिमियन यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ६१९ विद्यार्थ्यांचा समावेश असलेल्या त्या प्रयोगात शाळेबाहेरील केंद्रात विद्यार्थी दीड तास बसत. निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ बारा-पंधरा जणांच्या गटात एका साहाय्यक शिक्षकापाशी. संगणकाचा कार्यक्रम प्रथम विद्यार्थ्याची खरी पातळी शोधी व तेथून त्याला पुढे नेई. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत निश्चित प्रगती दिसली. यश यंत्राचे किती आणि त्या साहाय्यक शिक्षकाचे किती, हे या रचनेत वेगळे काढता येत नाही. अर्थशास्त्रज्ञाला ही अडचण वाटेल. शाळा चालविणाऱ्यास वाटण्याचे कारण नाही, कारण शाळेत दोघे एकत्रच असावयाचे आहेत. या अभ्यासाने उघड केलेली अधिक महत्त्वाची बाब अशी की, विद्यार्थी ज्या इयत्तेत बसलेला असतो तिच्या कित्येक इयत्ता मागे त्याची गणिताची समज असू शकते, आणि वर्गात पुस्तक मात्र त्याच्या इयत्तेचे चालू असते. साठ मुलांच्या वर्गात हे अंतर प्रत्येकाचे वेगळे शोधून काढणे एका शिक्षकाच्या आवाक्यात नाही. यंत्राचा सर्वांत निर्विवाद उपयोग मला येथे दिसतो. उत्तर देण्यापेक्षा चूक कोठे सुरू झाली ते शिक्षकाला दाखविण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

आता सुप्याकडे परत येऊ. २०२३ च्या 'असर' पाहणीत देशातील २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे एक चतुर्थांशांना आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा सलग वाचता आला नाही, भागाकार ४३.३ टक्क्यांनाच जमला. त्याच वेळी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता व तो वापरता येत होता. स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मात्र मुलांत ४३.७ आणि मुलींत १९.८ टक्के होते. हे आकडे बारामती तालुक्याचे नव्हेत. परंतु जिरायती पट्ट्यातील शाळेच्या शिक्षकास त्यांत अपरिचित असे काही वाटणार नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याच्या हाती भागाकार करून देणारे यंत्र आलेले आहे. वहीच्या मालकाचे नाव बदलले आहे, कुळाची स्थिती फारशी नाही. आणि घरातील एकुलता एक फोन बाप रात्री शेतावरून परत येईपर्यंत मिळत नाही, भाऊ आधी घेतो, अशा मुलीच्या बाबतीत यंत्र घरी वापरावे असा सल्ला निरर्थक ठरतो. यंत्र वापरावयाचे तर शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनावर आणि शिक्षकाच्या देखत, हा निष्कर्ष माझ्या मते केवळ शिस्तीचा नसून न्यायाचा आहे.

या भागात यंत्राचा दुसरा एक उपयोग शेतीत सुरू झाला आहे व तो उपमान म्हणून सोयीचा आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला असून उपग्रहाची चित्रे, हवामानाची नोंद व जमिनीत पुरलेली संवेदक उपकरणे यांच्या आधारे शेतकऱ्यास पाणी-खताचा सल्ला दिला जातो. तेथे यंत्राचा सल्ला चुकला तर ते ऊसच सांगतो. शेतकरी बांधावर उभा राहून पीक पाहू शकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्याच्यापाशी आहे. नववीतल्या मुलापाशी असे तपासणीचे शेत नसते. त्याला चूक कळते ती गुणपत्रिकेत, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण यंत्राने लिहिलेल्या प्रकल्पावर मिळत असतील तर तेथेही कळत नाही.

सावकाराच्या वहीची उपमा फार ताणता येणार नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. यंत्राला विद्यार्थ्याचे देणे वसूल करावयाचे नसते. त्याला विचारले असता ते आपले गणित पायरीपायरीने उलगडून दाखविते. १८७५ चा सावकार असे करीत नव्हता. मोडी न येणाऱ्यास मोडी शिकविण्याची तयारी ज्या वहीत आहे अशी वही पूर्वी कधी नव्हती. परंतु ती शिकविण्यास लावावी लागते. विचारणारा उत्तर मागेल तर उत्तर मिळते, पायरी मागेल तर पायरी मिळते. आणि पायरी मागावी हे चौदा वर्षांच्या मुलाला आपण होऊन सुचत नाही. ते सुचविणारा शिक्षक वर्गात नसेल, तर १९५६ मधील मंडळाविना रेडिओ असलेल्या गावांसारखी त्या शाळेची गत होण्याचा संभव आहे. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात वर्गात अशा यंत्राचा वापर करण्यास किमान १३ वर्षांचे वय सुचविले. वयाची अट ठीक आहे. मुलाने आधी आपले उत्तर कागदावर लिहिलेले असावे, ही अट मी त्याहून महत्त्वाची समजतो.

इतिहासाच्या तासासाठी एक पाठ सुचवून हे टिपण थांबवितो. बारामती-इंदापूरच्या कोणत्याही शाळेत नववी-दहावीस तो घेता येईल. विद्यार्थ्यांनी यंत्रास सुपे येथील १२ मे १८७५ च्या घटनेविषयी मराठीत विचारावे व आलेले उत्तर फळ्यावर उतरवावे. मग पुणे जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटिअरमधील मजकूर शिक्षकाने समजावून द्यावा, आणि फळ्यावरील प्रत्येक विधानासमोर आधार सापडला, सापडला नाही किंवा विरुद्ध सापडला, अशी खूण करावी. पारनेरचे सुपे मध्ये घुसले आहे काय हे प्रथम पाहावे. तालुका भीमथडी लिहिला आहे की बारामती, हे त्यामागून. विद्यार्थ्याला दंग्याचा इतिहास येईल आणि उत्तर तपासणे म्हणजे काय तेही एकाच तासात हाताने करून पाहता येईल.

वरच्या वर्गांसाठी आणि आपल्या विभागासाठी याचाच एक अधिक कठीण प्रकार आहे. १८७५ मध्ये जी खते जळाली नाहीत तशा प्रकारची मोडी कागदपत्रे या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत अद्याप असणे शक्य आहे. मोडी शाळांतून गेल्यामुळे आज त्या घरच्या पदवीधरालाही आपल्या पणजोबाचे खत वाचता येत नाही. या एका बाबतीत तो पणजोबाच्याच पंक्तीला बसला आहे. रुरकीच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रपद्धती व त्यासाठी दोन हजारांहून अधिक हस्तलिखित प्रतिमांचा संग्रह पुढे आणला आहे. तिचा उपयोग करून अशी खते वाचण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. मात्र रकमेचे आकडे, व्याजाचा दर आणि तिथी या तीन गोष्टी यंत्राने लावल्यावर मोडीचा जाणकार शेजारी बसवून त्या प्रत्येक खतात पुन्हा वाचाव्यात, आणि जेथे दोन्ही वाचनांत फरक पडेल तेथे दोन्ही वाचने नोंदवून ठेवावीत.